एका जनुकाच्या मागावर: जैवमाहितीशास्त्राच्या सरावपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

प्रकल्पाचं स्वरूप आज ठरलं. जीवशास्त्र शिकलेल्या, पण प्रोग्रॅमिंगचं नाव काढलं की बिचकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जैवमाहितीशास्त्राची ओळख करून देणारी सरावपुस्तिका करायची. जीवशास्त्र माझ्याकडे, कोड सहकाऱ्याकडे. आधी डेटाबेसचे प्रकार, मग अल्गोरिदम, मग सॉफ्टवेअरची यादी ही नेहमीची अनुक्रमणिका बसल्या बसल्याच बाद केली. अशी पुस्तकं ढिगाने आहेत. ती वाचून परीक्षा सुटते, हात काही चालत नाही.

त्याऐवजी एकच जनुक धरायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. मी एचबीबी सुचवलं, म्हणजे बीटा ग्लोबिनचं जनुक. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, त्यातल्या बीटाचा मजकूर या जनुकात आहे. जनुक आकाराने लहान, पण त्याच्यामागे इतिहास मोठा. सिकलसेल हा रक्ताचा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये मांडलं. तो बिघाड एका अमिनो आम्लापुरता, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्यापुरता आहे, हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवलं. म्हणजे इथे उत्तर आधीपासून हातात आहे, आणि सरावाला मला नेमकं तेच हवंय. कारण ही सगळी साधनं एका बाबतीत सारखी आहेत: ती 'मला माहीत नाही' असं कधी म्हणत नाहीत. त्यांच्यात काहीही टाका, काही ना काही आकडा बाहेर पडतोच. तो आकडा नेमका कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे ओळखता येणं, एवढंच या पुस्तिकेतून साधलं तरी पुष्कळ.

सहकाऱ्याने एका वाक्यात व्याख्या मागितली. मी दिली ती अशी: डीएनए, आरएनए आणि प्रथिनं यांच्याबद्दलची माहिती साठवणं, तिची तुलना करणं आणि तुलनेवरून जीवशास्त्रातला प्रश्न सोडवणं. त्याचं म्हणणं, यातलं 'तुलना' सोडून बाकी काढून टाकलं तरी चालेल. मला ते पटलं. हे शास्त्र इंटरनेटबरोबर आलं असा समज सर्रास असतो. मार्गारेट डेहॉफ यांनी त्या वेळी माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम, म्हणजे त्यांतली अमिनो आम्लं कुठल्या ओळीने येतात ते, गोळा करून छापील संग्रह काढला तो १९६५ मध्ये. त्या छिद्रित कार्डांवर काम करत होत्या. अमिनो आम्लांना आज आपण वापरतो ती एकाक्षरी चिन्हंही त्यांच्याकडूनच आली. कार्डावरची जागा वाचवायची होती.

६ ऑगस्ट

क्रम उतरवून घेतले. अमेरिकेतली जेनबँक, युरोपातलं ईएनए आणि जपानचं डीडीबीजे हे तीन साठे रोज एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात, त्यामुळे कुठूनही घेतलं तरी मूळ नोंद तीच. आम्ही एचबीबीच्या संदेशवाहक आरएनएची (पेशी जनुकावरून जी प्रत काढून प्रथिन बनवते तिची) संदर्भ नोंद घेतली: एनएम_०००५१८. त्यापुढे टिंब आणि आवृत्तीचा आकडा असतो, तो लिहून ठेवायचाच असा पुस्तिकेचा नियम केला. टिंबापुढचा आकडा गाळला की वर्षभराने कोणी तेच काम पुन्हा केलं तर त्याला भलताच क्रम मिळू शकतो, आणि मग चूक कोणाची यावर वाद.

प्रथिन युनिप्रॉट या प्रथिनांच्या साठ्यातून घेतलं, क्रमांक पी६८८७१. इथे एक फरक ठळक करून सांगायला हवा. युनिप्रॉटमध्ये माणसांनी वाचून, तपासून लिहिलेल्या नोंदी साडेपाच लाखांच्या वर आहेत, तर संगणकाने आपोआप लावलेल्या नोंदी कोट्यवधी. दोन्ही एकाच पानावर, जवळपास सारख्याच दिसतात. आपोआप लावलेली नोंद बहुतेक वेळा 'हा क्रम अमुक क्रमासारखा दिसतो, म्हणून कामही तेच असावं' एवढ्यावर उभी असते. त्या अमुक क्रमाची नोंदही कशावरून आली हे पाहायला कोणी मागे जात नाही. एखादी चूक अशी पिढ्यानपिढ्या उतरत जाते.

आता प्रत्यक्ष मजकूर. प्रथिनात भाषांतर होणारा भाग सुरू होतो तिथून पहिली आठ कोडॉनं, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे तीन-तीनचे गट, प्रत्येकाचं एक अमिनो आम्ल, अशी:

ए-टी-जी, जी-टी-जी, सी-ए-टी, सी-टी-जी, ए-सी-टी, सी-सी-टी, जी-ए-जी, जी-ए-जी

म्हणजे मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये यातल्या पहिल्या जी-ए-जीचं जी-टी-जी होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. ४४४ अक्षरांतलं एक अक्षर.

विद्यार्थी इथे हमखास अडतील: जुन्या ग्रंथांत हा बदल सहाव्या जागी लिहिलेला असतो, आणि आपण मोजलं तर सातवी जागा येते. दोन्ही बरोबर आहेत. सुरुवातीचं मेथिओनीन प्रथिन तयार होताना कापलं जातं. इन्ग्रॅम यांच्या हातात प्रत्यक्ष प्रथिन होतं, त्यामुळे मोजणी व्हॅलीनपासून झाली. आजची पद्धत जनुकावरून मोजते, म्हणून सात.

सहकाऱ्याने एक छान उपद्व्याप केला. संदेशवाहक आरएनएऐवजी त्याने जीनोममधला सलग तुकडाच भाषांतराच्या प्रोग्रॅमला दिला. सुरुवातीची तीसेक अमिनो आम्लं अगदी बरोबर आली, मग मजकूर एकदम वेडावाकडा झाला आणि थोड्याच वेळात थांबा-कोडॉन लागलं. जनुकात मध्ये दोन इंट्रॉन आहेत, एक १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. पेशी ते कापून टाकते, प्रोग्रॅमला ते कळायचं कारण नाही. त्याने कुठलाही इशारा न देता इंट्रॉनचंही भाषांतर केलं. हा सराव क्रमांक एक.

७ ऑगस्ट

पत्ते. हा भाग रटाळ आहे, पण टाळता येत नाही.

सिकलसेलचा बदल ११व्या गुणसूत्रावर. मानवी जीनोमच्या संदर्भ आवृत्ती ३८ मध्ये त्याचा पत्ता ५२,२७,००२. आवृत्ती ३७ मध्ये तोच पत्ता ५२,४८,२३२. जनुक जागचं हललेलं नाही, नकाशा सुधारला एवढंच. पण एका आवृत्तीचा पत्ता दुसऱ्या आवृत्तीत शोधला तरी तिथे कुठलं तरी अक्षर असतंच, आणि प्रोग्रॅम ते निमूटपणे दाखवतो.

त्यातून एचबीबी डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे. जनुकाच्या बाजूने वाचलं तर ए जाऊन टी आला, संदर्भ जीनोमच्या बाजूने वाचलं तर टी जाऊन ए. फायलींचेही दोन पंथ: काही पहिल्या अक्षराला १ म्हणतात, काही शून्य. शून्यापासून मोजणाऱ्या बेड प्रकारच्या फायलीत हीच जागा ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ अशी लिहावी लागते. पुस्तिकेत प्रत्येक पत्त्याच्या बाजूला आवृत्ती, धागा आणि मोजणीची सुरुवात या तिन्ही गोष्टी छापायच्या. पान गचाळ दिसेल, दिसू दे.

११ ऑगस्ट

आज जुळवणी, म्हणजे दोन क्रम समोरासमोर मांडून ताडणं. या धड्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ द्यायचं ठरवलंय, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

प्रश्न साधा वाटतो: अल्फा आणि बीटा ग्लोबिन एकमेकांसारखे किती? अल्फा १४२ अमिनो आम्लांचं, बीटा १४७चं. लांबीच वेगळी म्हटल्यावर अक्षराखाली अक्षर लावून भागत नाही, कुठे तरी रिकामी जागा सोडायला हवी. कुठे सोडायची? सगळे पर्याय करून बघू म्हटलं तर १००-१०० अक्षरांच्या दोन क्रमांसाठीच पर्यायांच्या आकड्यात ५० हून जास्त शून्यं येतात. कुठलाही संगणक तिथे हात टेकेल.

१९७० मध्ये सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी यातून वाट काढली. एका क्रमाची अक्षरं वरच्या ओळीत, दुसऱ्याची डाव्या स्तंभात लिहून चौकटींचा तक्ता आखायचा. प्रत्येक चौकटीत 'इथपर्यंत आलो तर जास्तीत जास्त किती गुण' एवढं एकच लिहायचं. एखाद्या चौकटीत यायला तीनच वाटा: तिरकस आलात तर दोन अक्षरं समोरासमोर, वरून किंवा डावीकडून आलात तर एका क्रमात रिकामी जागा. तिन्हींतली सरस वाट ठेवायची, बाकीच्या विसरायच्या. आमच्या दोन ग्लोबिनांसाठी हा तक्ता १४८ गुणिले १४३, म्हणजे २१,१६४ चौकटींचा. आधीच्या त्या अफाट संख्येपुढे हे काहीच नाही, आणि मिळणारं उत्तर अंदाजाने नव्हे, खात्रीने सर्वोत्तम असतं.

सर्वोत्तम, पण कुठल्या गुणपद्धतीने? खरी गोम इथे आहे. सुरुवातीची जुळवणी अशी येते (इथली अक्षरं अमिनो आम्लांची एकाक्षरी चिन्हं आहेत):

बीटा: एम व्ही एच एल टी पी ई ई के एस ए व्ही टी ए एल डब्ल्यू जी के व्ही
अल्फा: एम व्ही – एल एस पी ए डी के टी एन व्ही के ए ए डब्ल्यू जी के व्ही

समोरासमोर आलेल्या १८ जोड्यांपैकी ११ तंतोतंत. उरलेल्या सातांकडे नीट बघावं. बीटाच्या टीसमोर अल्फात एस आहे: थ्रिओनीन आणि सेरीन, दोघांच्या टोकाला तोच हायड्रॉक्सिल गट. ईसमोर डी आहे: दोन्ही आम्लधर्मी, ऋण भार असलेली. याला 'चुकलेली जोडी' म्हणणं अन्यायाचं. म्हणून गुणतक्ते आले. सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्लोसम-६२ हा १९९२ मध्ये स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ यांनी तयार केला. एकमेकांशी नातं असलेल्या प्रथिनांच्या जुळलेल्या तुकड्यांत कुठलं अमिनो आम्ल कुठल्याच्या जागी किती वेळा आलंय हे मोजून त्यांनी गुण ठरवले. त्यात डब्ल्यूसमोर डब्ल्यूला ११ गुण, एलसमोर एलला ४, ईसमोर डीला २, टीसमोर एसला १. ट्रिप्टोफॅन दुर्मीळ आहे आणि सहसा बदलत नाही, म्हणून त्याची तंतोतंत जोडी इतकी महाग.

सहकाऱ्याने विचारलं, मग सिकलसेलच्या बदलाला किती? ईच्या जागी व्ही: उणे २. बरं. त्याच जागी आणखी एक ओळखीचा बदल होतो, ईच्या जागी के, त्याला हिमोग्लोबिन-सी म्हणतात. त्याला तक्ता देतो अधिक १. ऋण भाराच्या जागी धन भार आला, रेणू बदलला, आणि गुण मात्र अधिक! तक्ता चुकलेला नाही. तो असंख्य प्रथिनांची सरासरी सांगतो, ग्लोबिनाच्या या पृष्ठभागावर, या जागी काय होईल हे त्याला विचारलेलंच नाही. ही जोडी सरावात घ्यायचीच. विद्यार्थ्यांनी आधी गुण काढावेत आणि मग 'या गुणांवरून आजाराची तीव्रता सांगता येईल का' या प्रश्नावर भांडावं.

रिकाम्या जागेच्या दंडावर आमचंच भांडण झालं. त्याला प्रत्येक रिकाम्या जागेला सारखा दंड हवा होता, कोड सोपा होतो. मी म्हटलं, उत्क्रांतीत पाच अमिनो आम्लं गळतात ती बहुधा एका फटक्यात. पाच वेगवेगळ्या घटना असण्याची शक्यता कमी. म्हणून पहिल्या रिकाम्या जागेला मोठा दंड आणि ती लांबवायला छोटा. साठ्यात सारखे क्रम शोधणाऱ्या ब्लास्ट या प्रोग्रॅममध्ये प्रथिनांसाठी हाच प्रघात आहे, ११ आणि १. शेवटी दोन्ही कोड ठेवतोय, निकाल शेजारी शेजारी.

१२ ऑगस्ट

स्प्रेडशीटबद्दल इशाऱ्याची चौकट लिहिली. सेप्ट-२ किंवा मार्च-१ अशा नावांची जनुकं स्प्रेडशीटमध्ये टाकली की प्रोग्रॅम त्यांना तारखा समजून बदलून टाकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन-२, मार्चएफ-१. तेव्हा सॉफ्टवेअर हललं नाही, जीवशास्त्राला सरकावं लागलं. एचबीबीला हा धोका नाही, पण विद्यार्थी उद्या दुसऱ्या जनुकावर काम करतील.

१४ ऑगस्ट

ब्लास्ट. तक्त्याची पद्धत दोन क्रमांसाठी ठीक, पण एक क्रम घेऊन कोट्यवधी क्रमांच्या साठ्यात शोधायचं तर ती हळू पडते. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्टने तडजोड केली: आधी छोटे, चांगले गुण देणारे तुकडे शोधायचे, प्रथिनांत सहसा तीन अक्षरांचे, आणि फक्त तिथूनच दोन्ही बाजूंना जुळवणी वाढवायची. सर्वोत्तम उत्तराची हमी गेली, वेग आला.

निकालातल्या ई-मूल्यावर एक पूर्ण पान दिलंय. या आकाराच्या साठ्यात निव्वळ योगायोगाने एवढ्या किंवा याहून चांगल्या गुणांच्या किती जुळण्या मिळतील, त्याचा हा अंदाज. 'या आकाराच्या साठ्यात' हे शब्द पुस्तिकेत अधोरेखित. तीच जुळवणी, तेच गुण, पण साठा दहापट मोठा केला की ई-मूल्यही दहापट होतं. त्यामुळे दोन वेगळ्या साठ्यांतली ई-मूल्यं थेट एकमेकांशी ताडायची नाहीत. आणि ई-मूल्य कितीही छोटं असलं तरी ते एवढंच सांगतं की हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही प्रथिनं तेच काम करतात असं ते सांगत नाही.

या शोधाची ताकद दाखवायला दोन उदाहरणं निवडली. पहिलं १९८३चं, ब्लास्टच्याही आधीचं. माकडाच्या एका विषाणूतलं कर्करोग घडवणारं व्ही-सिस जनुक आणि रक्तातल्या बिंबिकांमधून मिळणारा पेशीवाढीचा घटक यांचे क्रम साठ्यात शेजारी ठेवल्यावर विलक्षण सारखे निघाले. विषाणू पेशीला वाढीचा खोटा आदेश देतो, ही दिशा क्रमांच्या तुलनेतून मिळाली. दुसरं आमच्याच घराण्यातलं: न्यूरोग्लोबिन. मेंदूत सापडणारं हे ग्लोबिन २००० साली जाहीर झालं, आणि ते आधी सापडलं ते क्रमांच्या साठ्यात, ग्लोबिनांसारखं काही दिसतंय का हे शोधताना.

१९ ऑगस्ट

अनेक क्रमांची एकत्र जुळवणी. माणसाचे अल्फा, बीटा आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन घेतले. अल्फा-बीटाचं साम्य ४३ टक्क्यांच्या आसपास, मायोग्लोबिनचं दोघांशी साधारण पाव. २०-३५ टक्क्यांचा हा पट्टा संशयाचा मानतात. इथे नुसत्या टक्केवारीवर नातं ठरवू नये.

मग नातं कशावरून म्हणायचं? स्तंभ वाचून. हा तुकडा बघा:

बीटा: के ए एच जी के के व्ही
अल्फा: के जी एच जी के के व्ही
मायोग्लोबिन: के के एच जी ए टी व्ही

तिसऱ्या स्तंभातला एच तिन्हींत आहे. हे ते हिस्टिडीन, जे लोहाला चिकटलेल्या ऑक्सिजनच्या बाजूने हीमच्या, म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या भागाच्या, खळग्यात डोकावतं. पुढे तीसेक अक्षरांवर आणखी एक एच तसाच अढळ, तो दुसऱ्या बाजूने लोहाला थेट धरतो. आजूबाजूचं पुष्कळ बदललं, या दोन जागा राहिल्या. टक्केवारी या दोन एचना इतर कुठल्याही अक्षराइतकाच भाव देते, हीच तिची अडचण.

यावरून वंशवृक्ष काढला आणि त्यात मुद्दाम एक सापळा ठेवला. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचे बीटा ग्लोबिन घेतले तर माणूस-चिंपांझी एकसारखे, गोरिला एका अमिनो आम्लाने वेगळा. वृक्ष नीट येतो. पण माणसाचं अल्फा आणि इतरांचं बीटा असं मिसळलं तर माणूस चिंपांझीपासून कोट्यवधी वर्षं लांब जाऊन बसतो! अल्फा आणि बीटा ही प्राचीन जनुकाच्या दुहेरीकरणातून वेगळी झालेली भावंडं आहेत. त्यांच्यातलं अंतर जातींचं नव्हे, त्या दुहेरीकरणाचं. प्रोग्रॅम मात्र दोन्ही वेळा तितक्याच सुबक रेषा काढून देतो.

२१ ऑगस्ट

त्रिमितीय रचना. प्रथिनांच्या रचनांचा सार्वजनिक साठा, पीडीबी, १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाला. आज त्यात प्रयोगाने मिळवलेल्या दोन लाखांहून अधिक आहेत. क्रमावरून रचनेचा अंदाज करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमच्या अंदाजित रचना २० कोटींच्या वर. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं ते याच क्षेत्रातल्या कामासाठी, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असणार आणि अपेक्षाही अवाढव्य असणार.

म्हणूनच हा सराव: नेहमीच्या बीटा साखळीचा अंदाज आणि सिकलसेलच्या साखळीचा अंदाज काढून एकमेकांवर ठेवायचे. जवळपास एकावर एक बसतात. जगातला सर्वांत प्रसिद्ध रेणवीय बिघाड आणि चित्रात त्याचा मागमूस नाही. याचा अर्थ बदल निरुपद्रवी आहे असा घ्यायचा का?

उत्तरासाठी पीडीबीतली २एचबीएस ही प्रयोगाने मिळालेली रचना उघडायची. त्यात सिकलसेलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत आहे, आणि रेणू एकटा नाही, शेजाऱ्यांसकट आहे. बाहेरच्या पृष्ठभागावर आलेलं ते व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खळग्यात जाऊन रुततं. खळग्याला ८५व्या फेनिलॲलॅनीनचं आणि ८८व्या ल्युसीनचं तेलकट अस्तर. ग्लुटामिक आम्ल भारित असल्यामुळे तिथे बसत नाही, व्हॅलीन बसतं. एकाला एक लागत लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. साखळीच्या घडीत दोष नाहीच, दोष आहे शेजाऱ्याशी जडलेल्या सलगीत. एका साखळीचा अंदाज मागितला, तर शेजारी त्या प्रश्नातच नव्हता.

माझ्या मते पुस्तिकेतला हा सर्वांत चांगला धडा आहे. सहकाऱ्याचं मत जुळवणीच्या बाजूने. असो.

२५ ऑगस्ट

आता कच्चा डेटा. सिक्वेन्सिंग यंत्रातून जीनोम सलग येत नाही, १५० वगैरे अक्षरांचे तुकडे येतात, म्हणजे रीड. फास्टक्यू फायलीत प्रत्येक रीडच्या चार ओळी: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह, आणि अक्षरागणिक विश्वासाचा गुण. गुण ३० म्हणजे हजारात एक अक्षर चुकीचं. ऐकायला झकास. पण मानवी जीनोम ३० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा, वाचला तर नऊ हजार कोटींच्या वर अक्षरं होतात, आणि हजारात एक म्हणजे नऊ कोटी चुका. एका रीडमध्ये बदल दिसला म्हणून तो खरा मानायचा नाही, तो याच हिशेबाने.

खोली कमी असेल तर उलटा धोका. सिकलसेलचा वाहक म्हणजे एका गुणसूत्रावर ए, दुसऱ्यावर टी. त्या जागेवर चारच रीड पडले, तर चौघांनीही नेहमीचंच अक्षर दाखवण्याची शक्यता १६ मध्ये १. वाहक 'निरोगी' म्हणून निघून जातो. दहा रीडना ती हजारात एकाच्या आसपास येते. नाणेफेकीचंच गणित, पण विद्यार्थ्यांकडून हाताने करून घ्यायचं.

तिसरी अडचण शेजारची. बीटाजवळच डेल्टा ग्लोबिनचं जनुक आहे, आणि दोन्ही प्रथिनांत १४६ पैकी दहाच जागी फरक. रीड ज्या भागातून आला तिथे दोन्हींचा मजकूर सारखा असेल तर तो नेमका कुठला हे ठरत नाही. जुळवणारा प्रोग्रॅम अशा रीडला जागा देतो आणि शेजारी विश्वासाचा गुण शून्याजवळ टाकतो. तो गुण न वाचता पुढे गेलं की डेल्टाचा फरक बीटाचं उत्परिवर्तन म्हणून मिरवतो.

२८ ऑगस्ट

उपयोगांचं प्रकरण. यादी लांबवायचा मोह आवरला. क्षयाच्या जिवाणूचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम १९९८ मध्ये वाचला गेला. आज रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूचा क्रम त्याच्याशी ताडून कुठली औषधं चालणार नाहीत याचा अंदाज करतात. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधासाठी आरपीओबी जनुकातला एक छोटा पट्टा पाहिला तरी बरंच कळतं. सार्स-कोव्ह-२चा २९,९०३ अक्षरांचा क्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि चाचण्यांचे प्रायमर, म्हणजे विषाणूचा मजकूर पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, त्या मजकुरावरून, विषाणूचा नमुना हातात नसतानाही, आखता आले. बाकी शेती, सूक्ष्मजीव, पेशीपेशीतली जनुकांची अभिव्यक्ती यांना एकेक परिच्छेद.

मुख्य जागा आमच्याच जनुकाच्या उपचाराला. गर्भात बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन चालतं आणि जन्मानंतर ते बंद होतं. काही प्रौढांत ते थोडं चालूच राहतं. अशा लोकांचे जीनोम इतरांशी ताडून पाहिल्यावर २००७-०८ मध्ये बोट गेलं ते बीसीएल११ए या दुसऱ्याच जनुकाकडे, दुसऱ्याच गुणसूत्रावर. गॅमाचा दिवा मालवणारं हे जनुक. २०२३ अखेर ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापण्याचं तंत्र) उपचार बिघडलेल्या अक्षराला हातही लावत नाही. रक्तपेशींच्या मूळपेशींमध्ये बीसीएल११ए चालू ठेवणारा एक छोटा पट्टा तो तोडतो. गॅमा परत सुरू होतं.

शेवटचा सराव त्यावरच. क्रिस्परला जागा दाखवणारा मजकूर २० अक्षरांचा, आणि त्याच्या शेवटी एक मोकळं अक्षर सोडून दोन जी हवेत. २० अक्षरांचे पर्याय एक लाख कोटींच्या वर, त्यामुळे तंतोतंत तोच मजकूर सहाशे कोटींच्या वर अक्षरांत, दोन्ही धागे धरून, योगायोगाने दुसरीकडे सापडणं अवघड. पण डीएनए कापणारं क्रिस्परचं एंझाइम एवढं काटेकोर नाही, तीन अक्षरांपर्यंतचे फरक काही वेळा खपवून घेतं. तीनपर्यंत फरक धरले तर एका मजकुराची ३२,५५१ रूपं होतात. दोन जींची अट लावून हिशेब केला की निव्वळ योगायोगाने दहा-बारा जागा निघतात. खरा जीनोम योगायोगाने लिहिलेला नाही, त्यात पुनरावृत्ती भरपूर आहे, म्हणून आकडा प्रत्येक मजकुरासाठी वेगळा येतो आणि तो मोजूनच बघावा लागतो. या दहा-बारांपैकी कुठली जागा एखाद्या महत्त्वाच्या जनुकात पडते ते शोधायचं, आणि प्रयोगशाळेत आधी कुठल्या तपासायच्या ते कारणासकट लिहायचं.

कोड, आवृत्त्यांचे आकडे आणि उतरवलेले क्रम एका फोल्डरमध्ये ठेवले. मसुदा उद्या दोन विद्यार्थ्यांकडे जातोय, एक जीवशास्त्राचा, एक संगणकाचा. उत्तरं सोबत दिलेली नाहीत.